शंभर टक्के हजेरी

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला फिरत्या बाईंनी पिशवीतून एक जाड कागद काढला आणि माझ्या मुलीच्या मांडीवर ठेवला. फिरत्या बाई म्हणजे शाळेतर्फे घरी येऊन शिकवणाऱ्या. दर दुसऱ्या गुरुवारी येतात, चाळीस मिनिटं बसतात, त्यातली दहा चहात जातात आणि पाच रिक्षा मिळत नसल्याच्या तक्रारीत. त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेते, कारण त्यांच्या वहीत पालकाची सही लागते. "अभिनंदन हं," त्या म्हणाल्या, "वर्गात तिघींनाच मिळालंय." कागदाला सोनेरी किनार होती, वरती शाळेचं चिन्ह, मधोमध वळणदार अक्षरात मुलीचं नाव, इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक तेवीस, आणि त्याखाली चालू शैक्षणिक वर्षातल्या शंभर टक्के उपस्थितीबद्दल शाळेला वाटणारा अभिमान. शिक्का, मुख्याध्यापिकेची सही. मी वहीत सही करत होते ती अर्ध्यावर थांबली. माझी मुलगी या वर्षी एक दिवसही शाळेत गेलेली नाही. शाळा उघडली त्या दिवसापासून ती या खिडकीशी, या खुर्चीत बसलेली आहे.

"हे कसं काय?" मी विचारलं. "अहो, घरी शिकणाऱ्यांची हजेरी लावतातच रोज," फिरत्या बाई म्हणाल्या. "नियमच आहे तसा. चांगला आहे की, नाव कटत नाही." मी सही पुरी करताच त्यांनी माझ्याकडून वही घेतली, सही नीट आहे का ते पाहिलं आणि पिशवीत टाकली. त्यांना ठाऊक नव्हतं की तो नियम मला तोंडपाठ आहे. परिच्छेद सात, उपपरिच्छेद दोन. तोंडपाठ असणारच, कारण तो मी लिहिलेला आहे.

बाई गेल्या तेव्हा मुलगी कागद वाचत होती. तिला घरात भुंगा म्हणतात. कुठलाही शब्द बोलायच्या आधी तिच्या गळ्यातून एक बारीक गुणगुण निघते, शब्द जणू आत घिरट्या घालत असतो आणि बाहेर यायची वाट शोधत असतो. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला हवा कमी पडली. पाय चालत नाहीत, उजवा हात मनाला येईल तेव्हा ऐकतो, जीभ उशिरा ऐकते. डोकं मात्र लख्ख आहे आणि रागही लख्ख आहे, तो माझ्यावर गेलाय असं तिचा बाबा म्हणतो. तिनं डाव्या हाताचं बोट सोनेरी किनारीवरून फिरवलं, शंभर या शब्दावर आणून ठेवलं, आणि गुणगुणायला लागली. मी थांबले. तिच्यासाठी थांबायला आम्ही नऊ वर्षांत शिकलोय. "को...ण," ती म्हणाली. मग पुन्हा गुणगुण. "जातं?" कोण जातं? माझ्या जागी तिथे रोज कोण जातं? मी म्हटलं, "कुणी नाही गं, असं लिहायची पद्धत असते." ती माझ्याकडे बघत राहिली. पद्धत असते हे वाक्य मी वीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांना ऐकवत आलेय, बाहेरच्या बाजूला उभं राहून ते किती घाणेरडं लागतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी शिक्षण खात्यात मसुदे लिहिते. परिपत्रकाखाली सही साहेबांची असते, पण आतली वाक्यं माझी असतात. माझं वाक्य स्वच्छ असतं अशी माझी ख्याती आहे. दुसऱ्या विभागातले लोकही चहाला बोलावून कागद पुढे सरकवतात, जरा बघता का म्हणून. चार वर्षांपूर्वी एक बस कंडक्टर आमच्या ऑफिसात आला होता. कमरेला तिकिटांची पिशवी तशीच, ड्यूटीवरून थेट आलेला. त्याच्या मुलीचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं, ती तीन महिने प्लास्टरमध्ये होती, आणि शाळेनं तीस दिवस सलग गैरहजर म्हणून पटावरून तिचं नाव काढून टाकलं होतं. आता परत घ्यायला जागा नाही म्हणत होते. तो ओरडला नाही, रडला नाही. "मॅडम, ती पळून नव्हती गेली हो, पलंगावर होती," एवढंच म्हणाला. मला ते वाक्य इतकं लागलं की त्या आठवड्यात चाललेल्या समावेशनाच्या, म्हणजे सगळ्या मुलांना शाळेत सामावून घेण्याच्या, मसुद्यात मी एक कलम घातलं. जे मूल प्रकृतीच्या कारणाने घरी राहून शिकेल, ते शाळेत हजर आहे असे समजण्यात यावे. आणि त्यापुढे दीड ओळ होती. तीन महिन्यांनंतर अशा मुलास वर्गात परत आणणे व त्यासाठी आवश्यक ती सोय करणे शाळेवर बंधनकारक राहील. अशी ती दीड ओळ होती. मी अजूनही ती म्हणून दाखवू शकते.

ती दीड ओळ मी स्वतः काढली. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या साहेबांची एक सवय आहे, टिपणी दुसऱ्या पानावर गेली की ते वाचत नाहीत, 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवतात, आणि चर्चा कधीच होत नाही. म्हणून आमच्या विभागात सगळे एका पानात लिहितात. समास कमी करतात, अक्षर बारीक करतात, आणि तरी उरलं तर काहीतरी काढतात. त्या दिवशी माझ्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जात होत्या. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. साहेबांचं पद काढता येत नव्हतं, संदर्भ क्रमांक काढता येत नव्हते, प्रस्तावनेतलं 'प्रत्येक बालकाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' तर नाहीच. ती दीड ओळ मात्र मला ज्यादा वाटली. हे काय सांगायला पाहिजे का, कुठली शाळा बरं झालेलं मूल घरी ठेवेल, असं मी मनाशी म्हटलं आणि खोडून टाकलं. पान एक झालं. साहेब म्हणाले, "वाक्य असं पाहिजे, बाई." मी दिवसभर खूश होते. घरी आल्यावर पाच वर्षांच्या भुंग्याला उचलून गिरकी घेतली होती, मला आठवतं.

पहिली, दुसरी, तिसरी ती तळमजल्यावर शिकली. दुसरीला जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एक बाई होत्या. त्या हजेरी घेताना तेवीस म्हणायच्या आणि पेन खाली ठेवायच्या. भुंगा गुणगुणायला लागायची. वर्गातली पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग त्यांना सवय झाली, आणि मग त्यांना ते आवडायलाच लागलं, सगळी मिळून श्वास धरायची. शेवटी "ह...जर" आलं की कुणीतरी हुश्श करायचं. मी एकदा दाराबाहेर उभं राहून घड्याळात पाहिलं होतं, अकरा सेकंद. दिवसातले अकरा सेकंद पंचेचाळीस माणसं माझ्या मुलीसाठी थांबत होती. तिला शाळेतलं काय आवडतं असं विचारलं तर ती हजेरी म्हणायची. बाबा चिडवायचा, "अगं, लोकांना मधली सुट्टी आवडते." पण मला कळायचं. जगात एकच जागा अशी होती जिथे तिला विचारलं जायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा नंबर घेतला जायचा नाही.

चौथी पहिल्या मजल्यावर भरते. बावीस पायऱ्या, मधे एक वळण. शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापिकेनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. तिच्या केबिनमध्ये काचेची कपाटं, ढाली, आणि बाहेर फाटकावर 'सर्वसमावेशक शाळा' अशी निळी पाटी. त्या पाटीसाठी लागणाऱ्या अटींची यादीही मीच टंकली होती. फाटकाशी उतार बांधलेला होता, दोन्ही बाजूंना कठडा होता, त्याचा फोटो काढून पाठवलेला होता. उतारावरून चढून खुर्ची थेट नोटीस बोर्डापाशी पोचायची आणि तिथे जिना सुरू व्हायचा. "आमच्या मनात फार आहे हो," मुख्याध्यापिका म्हणाली, "पण जिना..." मी म्हटलं, "चौथीचा वर्ग खाली आणा ना." ती म्हणाली, "खाली संगणक कक्ष आहे." "मग संगणक वर न्या." त्यावर ती इतकी प्रामाणिकपणे हसली की मला तिचा राग यायलाही उशीर झाला. "ते कसे नेणार? त्यांचं वायरिंग आहे, फार नाजूक असतं, उचलाउचलीत बिघडतात." माझ्या मुलीचं वायरिंग कुणी विचारलं नाही. तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर परक्यांच्या इमारतींत माणसं वर-खाली नेणारे पाळणे नीट करत असतो. तो केबिनमधून निघाला, जिन्यामागची मोकळी जागा टेपनं मोजून आला आणि दारातच म्हणाला, "बसते. छोटी लिफ्ट आरामात बसते." मुख्याध्यापिका म्हणाली, "प्रस्ताव पाठवलाय. तोवर तात्पुरती सोय म्हणून घरीच ठेवू या. एक-दोन आठवडे."

एक-दोन आठवडे. तिनं एक छापील फॉर्म पुढे केला. त्यात एका ओळीत दोनदा 'सदर' आला होता. मी पेन काढून एक 'सदर' खोडला, एक स्वल्पविराम घातला, आणि खाली सही केली. त्या फॉर्मवर किती दिवसांसाठी हा रकाना नव्हता. कागद वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि मी स्वल्पविराम पाहिला, नसलेला रकाना नाही पाहिला. हे मला आठवतं तेव्हा हाताची मूठ आपोआप आवळली जाते. मी रस्त्यात असले तर चालण्याचा वेग वाढतो, लोक वळून बघतात. मुख्याध्यापिकेवर मी मनात किती ओरडले असेन. लिफ्टचा प्रस्ताव गेला, मदतनिसाचं पद मंजूर होतं पण भरलेलं नव्हतं, दर महिन्याला मी फोन करायची आणि ती गोडच बोलायची. "पटावर आहे हो ती, काळजी करू नका," असं म्हणायची. मी काळजी करत नव्हते. खरं तर हेच चुकत होतं. पटावर आहे म्हटल्यावर माझ्यातली कारकून शांत व्हायची आणि आई तिच्यामागे जाऊन गप्प बसायची. सकाळी मी ऑफिसला निघताना भुंगा शाळेच्या वेळेला केस विंचरून मागायची. कुठे जायचं नाही, तरी वेणी. मी घाईत असायची, म्हणायची, "आज कशाला गं?" एके दिवशी तिनं मागणं बंद केलं. मला बरं वाटलं, दहा मिनिटं वाचली. देवा, मला बरं वाटलं होतं.

शुक्रवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी मागच्या वर्षांचे तक्ते काढले. घरी राहून शिकणारी मुलं हा रकाना. नियम निघाला त्या वर्षी काही शे, पुढच्या वर्षी चौपट, त्याच्या पुढच्या वर्षी आकडा वाचायला बोट ठेवावं लागेल इतका. तक्त्याशेजारी मीच वर जाणारा हिरवा बाण काढला होता आणि त्याखाली 'समावेशनात लक्षणीय वाढ' असं लिहिलं होतं. मी तो बाण पाहत बसले. एकेका शाळेत जिना होता, अरुंद दार होतं, ओरडणारं मूल होतं, लाळ गळणारं मूल होतं, परीक्षेचा निकाल खाली ओढणारं मूल होतं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गोड बोलणाऱ्या माणसानं माझं कलम पुढे करून त्या मुलाला सन्मानानं घरी पोचवलं होतं. पूर्वी शाळेला मूल नको असलं तर निदान नाव काढावं लागायचं. नाव काढलं की कुणाला तरी राग यायचा, तो कंडक्टर कुठल्यातरी काउंटरवर येऊन उभा राहायचा. मी अशी सोय करून ठेवली होती की कुणाला रागच येऊ नये. मूल घरी, नाव पटावर, आई निश्चिंत, बाण वर. माझ्या डोक्यात तिडीक उठली ती टेबलावरचा स्टेपलर उचलून भिंतीवर मारावा अशी. मी तो उचललाही. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "पिना संपल्या का?" असं विचारलं आणि मी खाली ठेवला.

साहेबांच्या पुढ्यात मी प्रमाणपत्र ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. माणूस वाईट नाही. भुंग्याच्या वाढदिवसाला ते दर वर्षी आठवणीनं रंगपेटी पाठवतात. "तुमच्याच लेखणीतलं आहे हे, बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. आणि चुकीचं आहे. मला दुरुस्ती हवी आहे. तीन महिन्यांची मर्यादा घाला." ते म्हणाले, "घालू की. समितीपुढे ठेवू. पुढच्या वर्षी आढावा आहेच." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल. पाचवी दुसऱ्या मजल्यावर आहे." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला. मग म्हणाले, "तक्रार करायचीय का शाळेविरुद्ध?" मी म्हटलं, "करायचीय. खोटी हजेरी लावली म्हणून." त्यांनी प्रमाणपत्र अलगद माझ्याकडे सरकवलं. "नीट विचार करा. हजेरी खोटी ठरली तर ती गैरहजर ठरते. किती दिवस झाले?" मला पाठ होतं. "एकशे एकेचाळीस." "आणि तीस दिवसांचा नियम अजून आहे. तो काही आपण रद्द केलेला नाही. म्हणजे तुमच्या तक्रारीवर पहिली कारवाई काय होईल? तुमच्याच मुलीचं नाव निघेल. मधल्या वर्गाला नव्यानं प्रवेश, तोही तिच्यासारखीला, कोण देणार?" तिच्यासारखीला हा शब्द त्यांनी मऊ आवाजात म्हटला. "आहे ते चाललंय ते चालू द्या. निदान पटावर आहे." मी म्हटलं, "साहेब, मी त्या कलमात दीड ओळ जास्त लिहिली होती. पान उलटायला लागू नये म्हणून काढली." त्यांना कळलं नाही मी काय म्हणतेय ते. त्यांना वाटलं मी माफी मागतेय.

 रविवारी बाबाला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ भुंग्याच्या खुर्चीच्या चाकाला तेल घालत बसला होता. "म्हणजे खरं बोललो तर ती बाहेर, आणि खोटं बोललो तर ती घरात," तो म्हणाला. "दोन्हीकडून वर्गात नाहीच." मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "सोमवारी रजा टाक. मीही टाकतो. बावीसच पायऱ्या आहेत." मी म्हटलं, "एक दिवस नेऊन काय होणार?" तो म्हणाला, "ते मला नाही माहीत. पण तिनं विचारलंय ना, कोण जातं म्हणून? बघून येऊ." भुंगा ऐकत होती. सोमवारी सकाळी तिनं फणी पुढे केली. मी बसून सावकाश दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. 

फाटकावरच्या शिपायानं निळ्या पाटीखालून आम्हाला आत सोडलं, वर कुठे निघालो ते त्याच्या लक्षात आलं नाही. जिन्यापाशी बाबानं भुंग्याला खुर्चीसकट मागून तोललं, मी पुढून पायाशी धरलं. तो हळू आवाजात पायऱ्या मोजत होता, त्याची कामावरची सवय. वळणावर टेकलो तेव्हा भुंगाच हसत होती, तिला पाळण्यात बसल्यासारखं वाटत असावं. माझ्या कमरेतून कळ निघत होती आणि मी मनात मुख्याध्यापिकेला, साहेबांना, त्या नाजूक वायरिंगला आणि परिच्छेद सातला एकेक पायरीवर एकेक शिवी देत होते. वर पोचलो तेव्हा चौथीच्या वर्गातून हजेरीचा आवाज येत होता. अठरा, हजर. एकोणीस, हजर. भुंग्यानं डावा हात वर केला, थांबा म्हणून. आम्ही दाराच्या अलीकडे थांबलो. ती मान तिरकी करून ऐकत होती. एकवीस, हजर. बावीस, हजर. तेवीस.

"हजर!" आतून एका मुलीचा आवाज आला. खणखणीत, लख्ख, अर्ध्या सेकंदात. आणि बाई पुढे गेल्या. चोवीस.

माझ्या तोंडात कुणीतरी फाडकन मारल्यासारखं झालं. मी खुर्ची ढकलत आत शिरले. वर्गशिक्षिका तरुण होती, तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला, तो खरा होता. "अय्या, आली का! मुलांनो, बघा कोण आलंय!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. काही भुंग्याला ओळखत होती, दुसरीपासूनची, ती बाकावर उभी राहिली. माझी नजर मात्र फळ्याशेजारच्या तक्त्यावर गेली. या आठवड्याची कामं. फळा पुसणे, खडू आणणे, कुंड्यांना पाणी, तेवीस. प्रत्येकापुढे एकेका मुलीमुलाचं नाव. "हे काय आहे?" मी विचारलं. शिक्षिकेला प्रश्न कळला नाही. "पाळ्या आहेत. हजेरीत तिचा नंबर रिकामा जायला नको ना. मुलंच म्हणाली, आम्ही देऊ हजर. आपल्यातलीच आहे ती, ही भावना राहते." तिच्या डोळ्यात पाणी येईल इतकं ते तिला सुंदर वाटत होतं. कुंड्यांना पाणी आणि माझी मुलगी. पंचेचाळीस मुलांना या वर्गात रोज सकाळी शिकवलं जात होतं की एक माणूस नसला तरी त्याच्या जागी नीट, वेळेवर, खणखणीत आवाजात खोटं बोलायचं, आणि त्याला माया म्हणायचं. आणि त्यांना हे शिकवायला नियम मी पुरवला होता.

"पुन्हा घ्या," मी म्हटलं. माझा आवाज फाटला असावा, टाळ्या थांबल्या. "काय?" "तिचा नंबर. पुन्हा घ्या." "अहो, पण लागलीय तिची..." "तुम्ही पुकारा." शिक्षिकेनं बाबाकडे पाहिलं. बाबानं खाली वाकून खुर्चीच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लावले, एकेक करून, आणि सरळ उभा राहिला. शिक्षिका हजेरीपटाकडे वळली. "तेवीस," ती म्हणाली.

भुंगा गुणगुणायला लागली. ज्या मुलीची पाळी होती ती सवयीनं 'ह' म्हणून गेली, तिच्या शेजारणीनं तिला कोपर मारलं. अकरा सेकंद गेले. वीस गेले असतील. सात महिन्यांत घरी कुणी तिचा नंबर पुकारला नव्हता, जीभ आखडली होती. मान ताठ झाली, उजवा हात हवेत उडाला, बाबानं तो धरला नाही. शिक्षिकेनं दोनदा ओठ हलवले, मदत करायला, आणि मी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं ते मिटून घेतले. मग शब्द बाहेर आला. तुटका, ओला, मोठ्यानं.

"हो हो, हजर," शिक्षिका सुटल्यासारखी म्हणाली. "शाब्बास! हजर म्हणाली ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं.

तिनं हजर म्हटलं नव्हतं. मला कळलं होतं, बाबाला कळलं होतं. नऊ वर्षं मी तिचे शब्द लोकांना सांगत आलेय, डॉक्टरांना, शेजारणीला, पाहुण्यांना, आणि सांगताना थोडे गुळगुळीत करत आलेय. ती 'नको' म्हणाली की मी 'नंतर घेईल' म्हणते. ती 'जा' म्हणाली की मी 'दमलीय' म्हणते. आत्ताही एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की झालं, पट शाबूत, नाव शाबूत, ही चांगल्या मनाची शिक्षिका मोकळी, कागद एका पानात बसला. आणि नाही म्हटलं तर एकशे एकेचाळीस दिवस उघडे पडणार होते, साहेबांनी सांगितलं तसंच होणार होतं. दारात मुख्याध्यापिका येऊन उभी राहिली होती, धापा टाकत. जिना तिलाही लागला होता. भुंगा माझ्याकडे बघत नव्हती. ती शिक्षिकेकडे, तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "ती म्हणाली, 'नव्हते'. मी नव्हते, असं सांगतेय ती तुम्हाला."

 "आजची हजर लिहा," मी म्हटलं, "ती समोर बसलीय. आणि मागची सगळी खोडून गैरहजर लिहा. मी सही करते त्यावर, तारीख घालून. नाव काढायचं असेल तर काढा, पण मग काढलं असं लिहा, आणि का काढलं ते लिहा. जिना म्हणून लिहा." माझे दात एकमेकांवर घासत होते. मुख्याध्यापिका म्हणाली, "बाई, मुलांसमोर नको, आपण खाली केबिनमध्ये बसून..." मी म्हटलं, "आम्ही खाली येणार नाही. आत्ताच वर आलोय." मागच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. शिक्षिकेचं पेन पटावर टेकलं होतं, तेवीसच्या ओळीवर, आणि तिथेच थांबलं होतं. ती मुख्याध्यापिकेकडे पाहत होती, मुख्याध्यापिका माझ्याकडे.

तेवढ्यात गुणगुण पुन्हा सुरू झाली. मुख्याध्यापिकेनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि दुसरीपासूनच्या त्या मुलांपैकी कुणीतरी तिलाच म्हणालं, "थांबा ना, ती बोलतेय." पुढच्या बाकावर एका मुलीनं श्वास धरला. मग तिच्या मागच्या बाकानं. शिक्षिकेनं पेन खाली ठेवलं. भुंग्याचं अजून संपलं नव्हतं, आणि सगळे थांबले.